शालनताईंचा ‘शा’

महाबळेश्वरच्या घाटात माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बिबट्या येऊन बसला होता, ही गोष्ट तुम्ही माझ्याकडून ऐकली असेल. ती न ऐकलेला माणूस साताऱ्यात अजून मला भेटायचा आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा बिबट्या रस्त्याच्या पलीकडे होता. त्याहून खरं सांगायचं तर तो बिबट्या होता की कुणाचं चुकलेलं वासरू, हे धुक्यात नीटसं दिसलंच नव्हतं. पण गोष्ट सांगता सांगता अंगानं भरते. माझ्या सगळ्याच गोष्टी अशा खाऊनपिऊन धष्टपुष्ट झालेल्या आहेत.

एकच वाढली नाही. कारण ती मी कुणाला सांगितलीच नाही — बायकोला नाही, देवाला नाही, आरशातल्या माणसालाही नाही. नऊ वर्षांपूर्वी जेवढी होती तेवढीच आहे. आज ती तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात कुठून करू? — दुकानापासून करतो. दुकानाबद्दल बोलायला लागलो की मला निसटायला वाट मिळते, हे माझं मला ठाऊक आहे. तरी तिथूनच करतो.

आमचं पुस्तकांचं दुकान राजपथाच्या मागच्या बोळात आहे. जागा दहा बाय बारा, पण पुस्तकं इतकी, की पावसाळ्यात ती फुगली की आम्हीच बोळात येऊन उभे राहतो. मालक नाना. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच चपलेच्या आवाजावरून नाना सांगायचे — हा स्पर्धा परीक्षावाला, ही पाककृती मागणार, आणि हा नुसताच पंख्याखाली उभा राहायला आलाय. या तिसऱ्याला ते चहा पाजायचे. म्हणायचे, वारा खाता खाता माणूस वाचायला लागतो. मी तसाच आलेला. पंख्याखाली उभा राहिलो आणि बोलत सुटलो. तिसऱ्या महिन्यात नाना म्हणाले, “बाळू, बोलतोयसच तर पुस्तकांबद्दल बोल. पगार देतो.”

आणि शालनताई. त्या माझ्या आधीपासून तिथं. उंची अशी की तिसऱ्या फळीला हात पुरत नाही, आणि दरारा असा की फळीच खाली यावी.

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला गुन्हाच वाटणार नाही. पुस्तक सुट्या सुट्या पानांचं बांधत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं छापायची, त्याची घडी घालायची — त्या घडीला फर्मा म्हणतात — आणि असे फर्मे एकावर एक रचून शिवायचे. कधी एकच फर्मा दोनदा शिवला जातो आणि पुढचा राहून जातो. बाहेरून पुस्तक धडधाकट. आतून सोळा पानांची गोष्ट गायब. म्हणून नानांचा नियम होता : तपासल्याशिवाय एकही प्रत मांडायची नाही, आणि ज्यानं तपासली त्यानं शेवटच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपलं अक्षर घालायचं. माझं ‘बा’. शालनताईंचा ‘शा’.

मी एकेक पान उलटून तपासायचो. शालनताई कानानं तपासायच्या. अंगठा पानांच्या कडेवर, डोळे मिटलेले, आणि फर्रकन सगळं पुस्तक सोडायचं. फर्मा चुकला असेल तर, त्या म्हणायच्या, दात पडलेल्या म्हाताऱ्यानं शीळ घातल्यागत आवाज येतो. एकदा पोवई नाक्यावरच्या भजीवाल्यानं रद्दीतलं पान टरकावलं, तर शालनताई दुकानात बसून म्हणाल्या, “कवितेचं हाय ते.” — हे मी वाढवून सांगतोय. पण फार नाही. आणि बावीस वर्षांत ‘शा’ घातलेली एकही प्रत परत आली नव्हती, हे तर मुळीच वाढवलेलं नाही.

माझ्या ‘बा’ची काय पत? ‘बा’ घातलेल्या दहातल्या दोन प्रती नाना स्वतः पुन्हा चाळायचे. बरोबरच करायचे.

सांगलीच्या प्रदर्शनाला निघायचं होतं. चार वाजता टेम्पो येणार. सरमिसळ पुस्तकांची सहा खोकी तपासायची होती — चार शालनताईंकडं, दोन माझ्याकडं. त्यांनी दुपारपर्यंत आपली चार संपवली आणि त्या घरी गेल्या. घरी त्यांची आई होती. म्हातारीच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. पोटच्या लेकीला विचारायची, “बाई, तुमी कुणाच्या?” शालनताई रोज दुपारी जाऊन तिला भरवायच्या आणि रोज नव्यानं आपलं नाव सांगायच्या.

आणि मी काय करत होतो? कॉलेजच्या पाच-सहा मुली आल्या होत्या. मी बिबट्याला स्कूटरवर बसवत होतो. त्या दिवशी तो पहिल्यांदाच मागच्या सीटवर चढला — मुली इतक्या हसल्या, की मी त्याला थेट पाचगणीपर्यंत नेला. मग बोळाच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

माझी दोन खोकी तशीच होती.

‘बा’ घातला असता तर नानांनी दोन-चार प्रती चाळल्या असत्या, वेळ जाऊन टेम्पोवाला खवळला असता, मी बोलणी खाल्ली असती. एवढंच. यापलीकडं काय झालं असतं? — पण मी ‘शा’ घातला. दोन्ही खोक्यांतल्या प्रत्येक प्रतीवर. शालनताईंचा ‘श’ सुतळीला निरगाठ मारल्यासारखा होता आणि त्यांचा काना जरा डावीकडं कलायचा. इतकी वर्षं शेजारी बसून तो मला त्यांच्याइतकाच येत होता. छान जमतंय म्हणून मी गालात हसल्याचं मला आठवतं.

पंधरा दिवसांनी तासगावकडचे एक निवृत्त सुभेदार एसटीनं साताऱ्याला आले. हातात आमच्या प्रदर्शनातली जाडजूड कादंबरी. त्यांच्या मंडळी मिरजेला दवाखान्यात होत्या आणि हे उशाशी बसून त्यांना वाचून दाखवत होते. सुभेदार चिडले नव्हते. म्हणाले, “आवं, गोष्ट मागं फिरली. आमची मंडळी म्हणती, तुमी झोपंत वाचताय, हे मला काल ऐकिवलंय. मला सोळा पानं तेवढी द्या. ती बाई नदीतनं भाईर निघती का न्हाई, एवढंच तिला पायजे.”

नानांनी शेवटचं पान उघडलं. कोपरा पाहिला. पुस्तक शालनताईंकडं सरकवलं.

त्यांनी अंगठा लावला, डोळे मिटले, पानं सोडली. मी समोर होतो. त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला. मग चष्मा लावून त्या ‘शा’कडं बघत राहिल्या — किती वेळ? माझ्या हिशेबानं एक तपभर. मला वाटलं, ओळखतील. मला, खरं सांगू, वाटलं की ओळखावं.

“माझंच हाय,” त्या म्हणाल्या.

मी तेव्हा गठ्ठे बांधत होतो आणि तोंडात सुतळी धरली होती. बिबट्याला पाचगणीपर्यंत नेणारं हे तोंड. सुतळी काढायला किती वेळ लागतो?

नानांनी सुभेदारांना दुसरी प्रत काढून दिली, चहा दिला. बाई नदीतून बाहेर निघते, हे मीच त्यांना सांगितलं. नाना शालनताईंना एवढंच म्हणाले, “बावीस वर्षांत एक. जाऊ द्या.” पण चार दिवसांत सांगलीहून आणखी दोन प्रती आल्या. दोन्हींवर ‘शा’. त्या दिवशी शालनताईंनी पेन्सिल माझ्या हातात दिली. “तू बघत जा रं. मला न्हाई आता कळत.”

त्या कान तपासून आल्या. डॉक्टर म्हणाले, कान तरण्या माणसाचे आहेत. मी मनात हुश्श केलं — बघा, मी किती मूर्ख. दुकानात येऊन त्या म्हणाल्या, “कान बरं हायती, म्हंजी मग डोस्कंच. आईचं असंच सुरू झालतं.”

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? एका वाक्याचं काम होतं. नऊ वर्षं झाली.

या नऊ वर्षांत शालनताई गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत फिरतात. पर्समध्ये चिठ्ठी ठेवतात — स्वतःचं नाव, पत्ता, भावाचा नंबर. आई गेली, तेव्हापासून तर जास्तच. प्रदर्शनाला येत नाहीत. गुडघ्यांमुळं नाना घरी बसले, तेव्हा त्यांनी दुकानाची किल्ली शालनताईंपुढं धरली होती. त्यांनी हात मागं घेतला. “माझ्यावर नगं, नाना. बाळूला द्या, तो चुकत न्हाई.” आणि मी किल्ली घेतली. नानांच्या खुर्चीत मी बसतो. लोक येतात, बिबट्या ऐकतात, पुस्तकं नेतात. शालनताई पलीकडच्या स्टुलावर असतात. कुणाच्या लेकीला वाचनाची गोडी कुठल्या पुस्तकानं लागेल, हे आजही त्यांनाच कळतं.

एवढंच असतं तरी पुरे होतं. पण आणखी एक आहे, आणि खरं तर त्याच्यासाठीच मी इतका वेळ गोल गोल फिरतोय.

गेल्या श्रावणात नवी पुस्तकं आली होती. मी तपासत होतो. आता मीही अंगठ्यानं पानं सोडतो, जरा ऐटीत. शालनताई पाठमोऱ्या, धूळ झटकत होत्या. मधेच थांबल्या. “थांब रं. त्यात काय तरी हाय.” आणि लगेच, मी काही बोलायच्या आधीच, “न्हाई, न्हाई. मलाच वाटलं आसंल.”

मी पान न् पान उलटलं. एकशे बाराच्या पुढं सत्त्याण्णव आलं.

पाठमोऱ्या राहून, सहा हातांवरून, वरनं पाऊस वाजत असताना त्यांनी ते ऐकलं होतं. त्या वळून माझ्याकडं बघत होत्या. चेहऱ्यावर काय होतं? — भीती होती, आणि भीतीच्या मागं अगदी थोडी आशा.

मी म्हणालो, “बरोबर आहे ताई. काही नाही.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा धूळ झटकायला लागल्या. मी ती प्रत खणात टाकली.

नऊ वर्षांपूर्वी मी घाईत होतो, असं म्हणता येईल. श्रावणात मला कसली घाई होती? कसलीच नाही. खुर्ची गेली असती, तोंड काळं झालं असतं, म्हणून मी एका शहाण्या बाईला तिचं डोकं ठिकाणावर नाही असं पुन्हा एकदा पटवलं. हे असं आहे. याला दुसरं नाव नाही.

हा मजकूर ज्या दिवाळी अंकात छापून येईल, त्याचे गठ्ठे आमच्याही दुकानात येतात. तपासल्याशिवाय ते मांडायचे नाहीत, हा नियम आहे. पहिला गठ्ठा मी शालनताईंच्या स्टुलापाशी सोडणार आहे. श्रावणातली ती प्रत खणातून काढून वर ठेवली आहे, तिच्यावर कुणाचंच अक्षर नाही. किल्लीही तिथंच आहे. पेन्सिलीला टोक काढलं आहे.

शालनताई आधी पानं सोडतील, आणि मग वाचतील. त्या सगळं वाचतात. मी समोरच बसलेला असेन, आणि तोंडात सुतळी नसेल.