बन्सीधर टेलरचं मंत्रिमंडळ

सोनपेठच्या बसस्टँडसमोर पत्र्याच्या बारा टपऱ्या होत्या. त्यातल्या सातव्या टपरीत बन्सीधर टेलर बसायचा आणि दर निवडणुकीनंतर राज्याचं मंत्रिमंडळ बनवायचा. मुंबईत बनायचं ते मंत्रिमंडळ वेगळं. त्या दोघांत फारसं साम्य नसायचं, पण तो दोष मुंबईचा, असं बन्सीधरचं प्रामाणिक मत होतं.

हा नाद त्याला अठ्ठ्याहत्तर साली लागला. त्या वर्षी त्याने सांगितलेल्यांपैकी तिघेजण खरोखर मंत्री झाले. त्या एकाच वर्षात राज्यात दोन सरकारं आली, म्हणजे अंदाज बरोबर यायची संधीही दोनदा मिळाली, ही बारीक गोष्ट गावाच्या लक्षात आली नाही आणि बन्सीधरने ती लक्षात आणून दिली नाही. राणीसावरगावाहून वयाच्या सोळाव्या वर्षी एक कैची घेऊन आलेला हा माणूस त्या दिवसापासून राजकारणातला जाणकार झाला. मतमोजणी सुरू झाली की त्याची मशीन बंद व्हायची. बायको मनकर्णा मागच्या मशीनवर झंपर शिवायची. तिची मशीन मात्र कोणतंही सरकार पडलं तरी बंद पडल्याचं कुणी ऐकलं नाही.

कापड बेतायच्या टेबलावर तो खडूने मंत्रिमंडळ आखायचा. भोवती गिऱ्हाइकं जमायची. त्यातल्या निम्म्यांचे पायजमे दिवाळीपासून शिवायचे राहिलेले असायचे, पण राज्याचा प्रश्न असल्यामुळे कुणी पायजम्याचं नाव काढायचं नाही.

"मंत्रिमंडळ म्हंजे कोटाचं कापड," तो समजावून सांगायचा. "पुढचे दोन पल्ले आन पाठ पश्चिम महाराष्ट्राला. बाह्या विदर्भाला. कॉलर मुंबईला. अस्तर कोकणाला."

"आन मराठवाड्याला?"

"खिसा."

"वरचा का खालचा?"

"वरचा. पेन लावायचा. खालच्यात वस्तू मावतात."

या शास्त्रावर शंका घेणारा एकच माणूस होता. सिताराम. परभणी-सोनपेठ गाडीचा कंडक्टर, भीमनगरात राहणारा. परभणीहून ताजं वर्तमानपत्र तोच आणायचा, त्यामुळे त्याला टपरीतून हाकलणं बन्सीधरला परवडण्यासारखं नव्हतं.

नव्वद सालच्या मतमोजणीच्या दिवशी सितारामने टेबलावर वाकून यादी वाचली. "बन्सीदादा, ह्यात आमच्यातला एकच दिसायलाय."

"हाय की! समाजकल्याण दिलंय त्याला."

"पंच्याऐंशीला बी तेच दिलतं. दुसऱ्या खात्याचं माप आमच्या अंगाला बसत न्हाई का?"

बन्सीधरने खडू उचलला. बराच वेळ विचार केला. मग समाजकल्याणाच्या शेजारी बारीक अक्षरात 'क्रीडा' असं लिहिलं. "घे. आता खूश?"

"लय. कल्याण उरकलं की खेळायला मोकळे."

पण त्या वर्षी बन्सीधरचं खरं लक्ष वरच्या खिशावर होतं. त्या खिशात त्याने आमदार दिनकररावांना बसवलं होतं आणि त्याला सबळ कारण होतं.

दिनकरराव म्हणजे स्पष्ट भूमिकेचा माणूस. विद्यापीठाच्या नामांतराबद्दल ते भीमनगरात स्पष्टपणे बाजूने बोलायचे, पाटील गल्लीत स्पष्टपणे विरोधात बोलायचे, आणि बसस्टँडसमोरच्या जाहीर सभेत त्यांचा अभ्यास चालू असायचा. पंच्याऐंशी साली कोटाचं माप देताना, दोन्ही हात वर करून उभ्या उभ्या, ते म्हणाले होते, "बन्सी, एकदा मला मंत्री होऊ दे. ह्या टपरीच्या बदल्यात तुला पक्का गाळा न्हाई दिला, तर नाव बदलीन." नाव बदलणं किती अवघड असतं हे त्या काळी मराठवाड्यात शाळकरी पोरालाही ठाऊक होतं, त्यामुळे बन्सीधरला ही शपथ फार भारी वाटली. दिनकरराव मंत्री झाले नाहीत. तो कोट पाच वर्षं विहिरींच्या उद्घाटनांना फिरला आणि कमरेत तीनदा उसवून सैल झाला.

आता मात्र गाळ्याचा प्रश्न गळ्याशी आला होता. मतदानाच्या आठवड्यातच ग्रामपंचायतीची नोटीस टपऱ्यांवर चिकटली. टपऱ्या निघणार. स्टँडच्या मागे दहा पक्के गाळे बांधलेत. टपरीवाल्याच्या घरातल्या कुणीही रेशनकार्ड जोडून शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज करावा, सोमवारी चिठ्ठ्या काढल्या जातील. टपऱ्या बारा, गाळे दहा. सोमवारनंतर ज्याच्याकडे गाळा नाही, त्याने मशीन डोक्यावर घेऊन राणीसावरगावची वाट धरायची.

अकरा टपरीवाले त्याच दिवशी रांगेत उभे राहिले.

"तुमी कामून गेला न्हाईत?" मनकर्णाने विचारलं.

"मंत्र्याचा टेलर चिठ्ठ्यांच्या रांगेत उभा ऱ्हायला, तर सरकारची काय इज्जत ऱ्हाईल?"

"सरकार अजून झालंबी न्हाई की."

"तेच तर तुला कळत न्हाई. झाल्यावर तर अख्खं गाव ओळखतं. होयच्या आधी ओळखायला पायजे."

दिनकरराव नऊशे मतांनी निवडून आले. रेडिओवर नाव ऐकताच बन्सीधरने खडूने वरचा खिसा दोनदा गिरवला. आणि शुक्रवारी दुपारी तर पुरावाच चालत आला. म्हणजे जीपमधून आला. दिनकररावांचा माणूस लिंबाजी दोन कापडं घेऊन उतरला. एक गर्द निळं, दुसरं मोतिया रंगाचं, जरीच्या बुट्टीचं.

"निळा कोट सायबाचा. दुसरा धाकट्या भैय्याचा, माप ह्या चिठ्ठीवर हाय. बुधवारपर्यंत पायजेत. लय घाई हाय बगा, घरी ते आता..."

"बास!" बन्सीधरने हात वर केला आणि एक डोळा मिटला. "पुढं बोलूच नका. समजलं मला."

"समजलं?"

"आजचा धंदा हाय का माझा? तोंडातून शब्द काढू नका. अशा गोष्टी फुटल्या की बिघडत्यात."

लिंबाजीला अजून सहा ठिकाणी जायचं होतं. सांगण्याचा त्रास वाचला म्हणून तो खुशीत निघून गेला. हुशार माणसाने विचारायचं नसतं, ओळखायचं असतं, या तत्त्वावर बन्सीधर आयुष्यभर चालत आला होता.

मनकर्णाने जरीचं कापड बोटांत धरून पाहिलं. "हे पोराचं?"

"बापासंगं राजभवनात जाणार ना तो."

"जरीचा कोट घालून? आवो, लगीन हाय त्यांच्या घरी."

"लगीन!" बन्सीधर गिऱ्हाइकांकडे बघून हसला. "निवडणूक होऊन दोन दिस न्हाई झाले आन माणूस लगीन काढील व्हय? बायकांना कापड दिसलं की मांडवच दिसतो."

गिऱ्हाइकंही हसली. मनकर्णाने फळीवरचं रेशनकार्ड काढलं आणि "रॉकेल मिळतंय का बगून येते," म्हणून बाहेर पडली. रॉकेलचा डबा खिळ्यालाच लटकत होता. ज्याला मुंबईतली हालचाल सोनपेठात बसून दिसत होती, त्याला तो डबा दिसला नाही.

शनिवारी बन्सीधरने पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून घेतली. लाल जमीन, पिवळी अक्षरं: 'नामदार दिनकरराव यांचे टेलर.' शपथविधी रविवारी होता, पण रंग वाळायला एक दिवस लागतो, हे लक्षात घेतलं पाहिजे. अर्जांचा गठ्ठा अजून न उघडलेल्या ग्रामसेवकाने येता-जाता पाटी वाचली. "तुमी रांगेत दिसला न्हाईत, अर्ज केला न्हाई वाटतं?" त्याने विचारलं.

"आमची सोय वरून होणार हाय," बन्सीधर म्हणाला.

"मग चांगलंय. सोमवारी पत्रे काढायला तुमच्यापासूनच सुरुवात करतो. तुमाला अडचण न्हाई."

सोमवारी सकाळी सातच्या प्रादेशिक बातम्यांना बाराही टपरीवाले बन्सीधरच्या रेडिओसमोर उभे होते. इतरांना मंत्रिमंडळाशी काही देणंघेणं नव्हतं, पण बन्सीधरचं काय होतं ते त्यांना बघायचं होतं. निवेदिकेने नावं वाचायला सुरुवात केली. बन्सीधर टेबलावर खुणा करत गेला. पल्ले आले, पाठ आली, बाह्या आल्या. मराठवाड्यातली नावं आली आणि गेली. मग निवेदिकेने हवामान सांगितलं. विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता होती.

"राज्यमंत्र्यांची यादी मागनं येती," बन्सीधर म्हणाला.

"ती वाचली की आत्ता," पानवाला म्हणाला.

"मग विस्तारात."

कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट झालं. लोक हळूहळू आपापल्या टपऱ्यांकडे सामान बांधायला गेले. हॅंगरवर मोतिया कोट लटकत होता, त्याची जरी सकाळच्या उन्हात चमकायला लागली होती.

आठच्या गाडीतून सिताराम उतरला. हातात वर्तमानपत्र होतं आणि गुलाबी पाकीट होतं. पाकिटावर गणपती छापलेला होता.

"काय हाय ते?"

"लग्नपत्रिका. परभणीत लिंबाजीने गाडीत दिली, गावात द्यायला. गुरुवारी लगीन हाय दिनकररावांच्या धाकट्याचं."

बन्सीधरने पत्रिका उभ्याने वाचली, मग बसून वाचली. अक्षरं तीच राहिली. "मुहूर्त महिनाभर तरी आधी धरला असंल," तो पुटपुटला. "म्हंजे निवडणुकीच्या आधी..." मग अंधुक आशेने त्याने विचारलं, "माझी पत्रिका?"

सितारामने पाकीट उलटं करून नाव दाखवलं. "सरपंचाची हाय ही. तुमच्यासाठी काय दिलं न्हाई." मग त्यालाच वाईट वाटलं असावं. तो टेबलाच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "तुमाला मापं दिलीत ना, दादा."

बारा वर्षांत पहिल्यांदा बन्सीधरला टेबलावर काय लिहावं ते सुचलं नाही. चिठ्ठ्या अकराला निघणार होत्या. त्यात सातव्या टपरीची चिठ्ठी नव्हती. मशीनचं वजन किती असेल, राणीसावरगावला आता कपडे कोण शिवत असेल, भावाच्या ओसरीत दोन मशीन मावतील का, याची मापं त्याच्या डोक्यात आपोआप पडायला लागली. आणि ही मापं बरोबर येत होती.

"फारम भरायला पायजे होता," तो मनकर्णाकडे न बघता म्हणाला.

मनकर्णा एका झंपराला काज करत होती. तिने दोरा दाताने तोडला, झंपराची घडी केली आणि पदर सावरला. "चला. चिठ्ठ्या निघायल्यात."

"जाऊन काय करू? माझं नाव न्हाई त्यात."

"तुमचं न्हाई," मनकर्णा म्हणाली आणि चालायला लागली.

खिळ्यावर रॉकेलचा डबा अजून लटकत होता. बन्सीधरची नजर त्याच्यावर गेली. मग फळीवर, रेशनकार्डाच्या जागी. आणि मग तो टपरी उघडी टाकून बायकोमागे धावला.

ग्रामपंचायतीच्या पटांगणात चिठ्ठ्यांची घागर ठेवली होती. चिठ्ठ्या काढायला सरपंचांची आई चांगुणाबाई बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने गावात त्यांच्याइतकं निःपक्षपाती दुसरं कुणी नव्हतं. पहिला गाळा पानवाल्याला गेला, दुसरा सायकलवाल्याला. तिसरा, चौथा, पाचवा. बन्सीधर एकेक नाव ऐकत होता. मंत्र्यांची नावंही त्याने कधी इतकं लक्ष देऊन ऐकली नव्हती. आठवा गेला. नववा गेला. घागरीत तीन चिठ्ठ्या राहिल्या. चांगुणाबाईंनी हात घातला, तळाशी फिरवला, एक चिठ्ठी धरली, सोडली, दुसरी धरली.

"मनकर्णा बन्सीधर," ग्रामसेवकाने वाचलं. "गाळा नंबर दहा."

सायकलवाला म्हणाला, "दहावा म्हंजे मुतारीच्या बाजूचा ना?"

"व्हय, तोच," मनकर्णा म्हणाली. "पक्का हाय ना? मग बास."

बन्सीधरने पुढे होऊन ग्रामसेवकाच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि बायकोचं नाव स्वतः वाचून पाहिलं.

दहाव्या गाळ्याला मागे एक खिडकी होती, ती थेट मुतारीकडे उघडायची. खिडकीला दार बसवणं बांधणाऱ्याच्या नजरेतून सुटलं होतं. मनकर्णाने टेप लावून माप घेतलं, मग लाल पाटीचं माप घेतलं. दोन बोटांचासुद्धा फरक नव्हता. तिने हातोडी मागितली.

"अक्षरं आतल्या बाजूला कर," बन्सीधर म्हणाला. "बाहेरून लोक वाचतील."

"आत मी बसणार. मला कशाला रोज ते?"

त्यामुळे स्टँडवर उतरणारा प्रत्येक पुरुष पहिल्यांदा ज्या कामाला मागे जायचा, ते करता करता समोर 'नामदार दिनकरराव' असं पिवळ्या अक्षरांत वाचायचा. मुंबईने जे दिलं नाही, ते सोनपेठने दिलं. लिंबाजी बुधवारी कोट न्यायला आला, मागे जाऊन आला आणि कोट काखेत मारून थेट जीपमध्ये बसला.

पुढच्या आठवड्यात सिताराम गाळ्यात आला, तेव्हा टेबल ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेलं होतं आणि त्यावर मनकर्णा कापड बेतत होती. बन्सीधर स्टुलावर बसून गुंड्या लावत होता. शेजारी दिवाळीपासूनच्या पायजम्यांचा ढीग होता.

"काय बन्सीदादा, यादी दिसत न्हाई. नव्या गाळ्याचं मंत्रिमंडळ कसं काय?"

बन्सीधरने आधी मनकर्णाकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. "मुख्यमंत्री ती," तो म्हणाला. "गृह, अर्थ, पाणीपुरवठा तिच्याचकडं."

"आन तुमाला?"

"काज-गुंड्या. राज्यमंत्र्याचा दर्जा हाय."

"समाजकल्याण न्हाई ना दिलं?" सिताराम वर्तमानपत्र उघडत म्हणाला. "मग लय बरं निभावलं तुमचं."