बत्तीस मागितले, बत्तीस आले का?

आमच्या आण्णांना कुणी चहा दिला, तरी ते आधी कपात डोकावून बघायचे. कारखान्यातल्या पोरी हसायच्या, पण माणूसच तसा. हातात काय पडलं ते पाहिल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. मूळचे मोशीचे, शेतकऱ्याघरचे. चाकणच्या आमच्या छोट्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक कुलपांची शेवटची तपासणी त्यांच्याकडे. त्या कुलपांचे प्रोग्राम मी लिहायची. मुलीची पुस्तकं वाचून पंचेचाळिशीत शिकलेली मी, त्यामुळे धाकधूक कायमची.

प्रत्येक कुलपाची किल्ली म्हणजे कार्डात भरलेले बत्तीस बाइट, म्हणजे बत्तीस आकडे. कुणालाही आधी ओळखता येणार नाहीत असे आकडे ऑपरेटिंग सिस्टिमच देते. फाईल वाचावी तसे ते वाचून घ्यायचे, एवढंच. पण आण्णांचा प्रश्न ठरलेला, "ताई, बत्तीस मागितले. बत्तीस आले का?"

"येतातच हो आण्णा."

"येत्यात, ठावं हाय. बघितलं का?"

आणि लागतील तेवढेच मागा, हेही असायचंच. "पोतंभर आणून साठवू नका. उरलेलं चुकून दोघांच्या ताटात वाढाल."

मी हो हो म्हणायची. मग मोशीच्या एका सोसायटीचं काम आलं. उद्या गाडी भरायची, आणि दुपारी आण्णा एक कुलूप आणि भलत्याच कुलपाचं कार्ड घेऊन माझ्यापुढे उभे. कार्ड लावलं. खट्. उघडलं की हो! दुसरं कुलूप आणलं, तेही उघडलं.

झालं होतं असं. ते आकडे वाचायची परवानगीच माझ्या या खेपेच्या प्रोग्रामला दिलेली नव्हती. वाचणं फसलं, आणि फसलं तर घड्याळावरून आकडे बनव, अशी सोय मीच शहाणपणा करून ठेवलेली. आमच्या कुलपातल्या बोर्डाला घड्याळाची बॅटरी नाही, वीज आली की वेळ पहिल्यापासून सुरू. त्यात पहिल्या शिफ्टच्या पोरी एकाच बटणानं टेबलावरची अख्खी रांग चालू करायच्या. सगळ्यांची वेळ एक, सगळ्यांची किल्ली एक!

"आण्णा, माझी नोकरी गेली बघा."

"जाईल न्हाईतर ऱ्हाईल. लोकांच्या दाराचं बघा आदी. अन् साहेबांना तुमीच सांगा."

सांगितलं. साहेब तापले, गाडी थांबली. मी घड्याळाची सोय काढून टाकली. पुरे बत्तीस आले नाहीत तर किल्ली बनवायचीच नाही, लाल दिवा लावून थांबायचं. परवानगी मात्र आण्णांनी मुद्दाम लगेच देऊ दिली नाही, आधी थांबतं का ते बघू म्हणाले. सकाळी रांग चालू झाली आणि सगळे दिवे लाल. पोरी ओरडल्या, "काकू, तुमचं सगळंच बंद पडलं!"

आण्णा खूश. "आता नीट बंद पडलं. द्या परवानगी."

दिली. दिवे हिरवे झाले. मग दिवसभर आण्णा याचं कार्ड त्याला लावत बसले. एकही कुलूप उघडेना.

माझी नोकरी राहिली. आण्णा मात्र गेल्या वर्षी निवृत्त झाले. मोशीत नवं घर बांधलं, आणि दाराला आमचंच कुलूप हवं म्हणून मला बोलावून घेतलं. मी ते बसवत असताना त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "आण्णा, घोळ झाला होता ते हेच ना?"

"व्हय," आण्णा म्हणाले, "म्हणून तर ह्येच."