सगोत्र वाईन आणि आमची भिशी

भिशीत पैसे जमतात हा पुरुषांचा गैरसमज आहे. पैसे दर महिन्याला एकीच्या पर्समध्ये जातात आणि संपतात. साठतात ते किस्से! आमच्या नांदेडच्या भिशीत आठ जणी आहोत, त्यातल्या निम्म्या निवृत्त शिक्षिका, त्यामुळे कुणी कुणाला बोलताना थांबवत नाही. पण ऐन साठीत आम्ही इटालियन वाईन शिकलो, ते किस्से आम्ही अजूनही पुरवून पुरवून सांगतो.

झालं असं, की आमच्या शोभाची केतकी नोकरीसाठी इटलीत गेली आणि तिथं लुका नावाच्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा गुणी. पण त्याच्या वडिलांचा द्राक्षांचा मळा आणि घरची वाईन! शोभाचे यजमान दिगंबरराव रेणापूरकडचे शेतकरी, चहासुद्धा अर्धा कप घेणारे. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, "दारू गाळणाऱ्याच्या घरात पोरगी देणार न्हाई."

दिवाळीनंतर लुका आणि त्याचे वडील भेटायला येणार होते. केतकी फोनवर रडली. म्हणाली, "आई, यांच्याकडे वाईन म्हणजे ताटातलाच एक पदार्थ असतो गं. बाबांनी एकदा ती जेवणासोबत बघावी, एवढंच!"

मग भिशीनं ठरवलं. वाईनसकट इटालियन पंगत आपणच घालायची, आणि तीही बिनचूक!

*

पहिला प्रश्न, बाटली आणायची कुणी? शेवटी मी, शोभा आणि वसुधा अशा तिघी काठपदराच्या साड्या नेसून ऑटोनं वाईनशॉपवर गेलो. एकटीनं जायची हिंमत नव्हती आणि आठ जणी गेलो असतो तर मोर्चा वाटला असता.

काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं आणि ताडकन उभा राहिला. "बाई, तुम्ही?"

माझा विद्यार्थी निघाला! सातवीत मागच्या बाकावर बसायचा. मी म्हटलं, "इटलीची किआन्ती वाईन आहे का?"

तो म्हणाला, "मागवून देतो बाई. साहेबांसाठी का?"

वसुधा मागून ठणकावून म्हणाली, "न्हाई, भिशीसाठी!"

त्यानं काउंटरवरून वाकून तिघींना नमस्कार केला आणि वर म्हणाला, "बाई, शाळेत असताना हे सांगितलं असतं तर मी अभ्यास केला असता."

*

वसुधा पत्रिका बघते. तिनं पदार्थ आणि वाईन यांचं रीतसर गुणमेलन मांडलं. पदार्थ आंबट असेल तर वाईन गोड हवी, पदार्थ तेलकट असेल तर वाईन हलकी हवी, असे गुण देत बसली. छत्तीसपैकी अठराच्या खाली जोडी आली की फुली!

केतकीनं व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि हसायला लागली. "मावशी, एवढं काही नसतं. साधा नियम आहे. ज्या भागातला पदार्थ, त्याच भागातली वाईन."

वसुधाच्या हातातलं पेन गळालं. "अगं बाई, म्हणजे सगोत्र लग्न? पाप लागंल की!"

तिनं काही ऐकलं नाही. इटलीच्या तोस्काना भागातलं शिळ्या पावाचं आणि घेवड्याचं दाट सूप केलं होतं, रिबोलिता म्हणतात त्याला. त्याला तिनं मुद्दाम दूरच्या सिसिलीची गोड वाईन लावली. एकेक घोट घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. मग मी हळूच तोस्कानाचीच किआन्ती पुढं केली. सूपही आंबटसर, वाईनही आंबटसर, आणि दोन्ही अशी जमली की दुसरं ताट मागितलं गेलं!

वसुधानं गुणांच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "या लोकांचं शास्त्रच उलटं हाय. पण लई चांगलं हाय."

*

इटलीच्याच लिगुरिया भागात बेसनाचा पोळा करतात, फारिनाता. नाव ऐकून आम्ही घाबरलो होतो, पण निघालं आपलंच धिरडं! फक्त ओव्हनमध्ये भाजायचं आणि सोबत तिकडचीच वेरमेंतिनो नावाची पांढरी वाईन घ्यायची. शोभा म्हणाली, हे तर मी डोळे मिटून करते.

केलं. आम्ही घास घेतला, वर वाईनचा घोट घेतला, आणि घशात जाळ झाला! आठ जणी पाण्याच्या जगकडे धावलो.

कॉलवर केतकीनं विचारलं, "आई, मिरची घातलीस?"

"मिरची न्हाई घातली," शोभा म्हणाली. "हिरव्या दोन वाटून घातल्या. ती काय मिरची असती का?"

*

एकदा आम्ही शोभाकडे ग्लास गोल फिरवून वास घ्यायची प्रॅक्टिस करत होतो आणि दिगंबरराव अचानक गावाहून आले. दारातच थबकले. "काय करून राहिल्या तुमी?"

वसुधा गडबडीत म्हणाली, "भावजी, पीत न्हाई. नुसतं हुंगून राहिलो."

"हुंगायचंच हाय तर तपकीर हुंगा की!" म्हणाले आणि आत निघून गेले. जाता जाता शोभाला म्हणाले, "ते येतील, जेवतील, जातील. माझं उत्तर तेच हाय."

आम्ही हसलो खऱ्या, पण शोभा ओट्यापाशी जाऊन रडली. मला दिगंबररावांचा फार राग आला. तो राग मी बिनमिरचीचा पोळा भाजण्यावर काढला.

*

केतकी लुकाला आणि त्याच्या वडिलांना घेऊन आली. लुकाचे वडील पिएत्रो उंच, उन्हानं रापलेले. बोलणं सगळं केतकीमार्फत. फारिनाताबरोबर वेरमेंतिनो, रिबोलिताबरोबर किआन्ती, आणि शेवटी त्यांच्या पिएमोन्ते भागातल्या मक्याच्या घाट्याबरोबर, म्हणजे पोलेंताबरोबर, त्यांनी स्वतःच्या मळ्यातून आणलेली बार्बेरा. एकही जोडी चुकली नाही!

जेवण झालं आणि ते गंभीरपणे काहीतरी बोलले. केतकीनं सांगितलं, "म्हणतात, नांदेडात जेवलो असं वाटलंच नाही."

शोभाचा चेहरा पडला.

"अगं आई, म्हणजे घरी जेवलो असं वाटलं!"

आम्ही सात जणींनी टाळ्या वाजवल्या. आठवी रडत होती.

*

दिगंबरराव एवढा वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीत ताकाचा पेला घेऊन बसले होते. आता त्यांनी घसा साफ केला. "केतकी, विचार त्यांना. जमीन किती?"

"पंधरा एकर, बाबा."

"विहीर?"

"नाही म्हणतात."

"बोअर?"

"नाही."

"मग कॅनॉल तरी?"

केतकीनं विचारलं. पिएत्रो हसून बराच वेळ बोलले. ती म्हणाली, "बाबा, जुन्या वेलींना ते पाणी देतच नाहीत. पडेल त्या पावसावर. मुळं पाण्यासाठी खोल गेली की फळाला चव येते, म्हणतात."

दिगंबररावांनी पेला खाली ठेवला. "म्हंजी सगळी कोरडवाहू?"

"हाव, बाबा."

ते उठले, पिएत्रोंच्या जवळ खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"कोरडवाहूवर द्राक्षं काढतो हा माणूस! शोभा, बघत काय बसलीस? सुपारी आण, फोडायची हाय!"

शोभा धावत गेली. सुपारी फुटली. दोघा व्याह्यांनी एकेक खांड तोंडात टाकलं. पिएत्रो चावत राहिले, चावत राहिले, त्यांच्या भुवया वर गेल्या.

दिगंबरराव त्यांच्याकडे झुकले आणि केतकीला म्हणाले, "विचार त्यांना, ह्याच्यासंगं कोणची वाईन लागती?"