लिस्बनचे चार महिने, चार दिवसांत

चार जुलैचा लाँग वीकेंड अमेरिकेतल्या आयसेलिनमध्ये काढायचा म्हणजे कुणाच्या तरी बॅकयार्डात कणसं भाजायची आणि ग्रीन कार्डाची चर्चा ऐकायची. सहा वर्षं तेच केलं. म्हणून यंदा मार्चमध्येच मी आणि माझ्या रूममेट मधुराने नेवार्क-लिस्बन तिकिटं काढली. डॉलरने युरोसमोर लोळण घेतली होती, त्यामुळे हॉटेलचे लाड नाहीत. पाठीवर एकेक सॅक, आणि अल्फामा भागात एका बाईंच्या गेस्टहाउसमध्ये खोली. (शेंगेन व्हिसाच्या मागे महिनाभर आधी लागा. अमेरिकेचा वर्क व्हिसा चालू आहे ना, तेही बघा, नाहीतर परत येताना पंचाईत.)

जूनमध्ये मधुराला पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून नोकरीची ऑफर आली, ग्रीन कार्ड लगेच सुरू करायच्या बोलीवर. आणि बाईसाहेब म्हणायला लागल्या, पुण्यालाच परत जाते. बाबा गेल्या वर्षी गेले, आई एकटी. बॉथेलला उत्तर द्यायचं होतं आम्ही परतल्याच्या दुसऱ्या दिवशी. तिला जाऊ द्यायचं नाही, असं ठरवूनच मी विमानात बसले. बॉथेल कितीही लांब असलं तरी अमेरिकेतच आहे, हा माझा सरळसरळ स्वार्थ.

विमानतळाबाहेर बस मिळते, टॅक्सीच्या नादी लागू नका. पुढे मात्र पायऱ्याच पायऱ्या. धापा टाकत पोचलो तर साठीच्या मालकीणबाईंना जुलैच्या पानावर आमची नावं सापडेनात. त्या वही मागे चाळत गेल्या आणि एप्रिलवर बोट ठेवून थांबल्या. सात एप्रिल ते सात ऑगस्ट, दोन भारतीय मुली.

मी मेलमध्ये लिहिलं होतं 07/04 ते 07/08. नागपूरच्या शाळेत आधी तारीख, मग महिना असं घोटवून घेतलेलं. अमेरिकेने सहा वर्षांत ते उलटं करून टाकलं, आणि युरोपात आपल्यासारखंच लिहितात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बरं, बाईंनी मेलवर विचारलंही होतं, एवढे दिवस? त्यावर माझं उत्तर: याहून जास्त राहता आलं असतं तर किती छान!

बाईंनी आमची खोली आठ दिवस अडवून ठेवली होती, मग देऊन टाकली. मी सॉरी सॉरी म्हणत सुटले. त्या मात्र मोडक्या इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, "तीन महिने उशीर झाला. पण अजून एक महिना आहे."

आम्हाला माळ्यावरची खोली मिळाली. माणशी पंधरा युरो, आणि उठताना डोकं छताला. किल्ली देताना बाई 'शाव' असं काहीतरी म्हणाल्या आणि मधुरा उडालीच, म्हणजे चावी! पुढे पाव आणि बटाटा या पोर्तुगीजांकडूनच आलेल्या शब्दांवरही आमचं पोट भरलं. शाकाहारी असाल तर भाजीचं सूप मागवतानाही विचारून घ्या, तळाशी सॉसेजची चकती निघते.

दुसऱ्या दिवशी ट्रामचा दिवसभराचा पास काढला आणि बेलेम भागात जाऊन कस्टर्डचे गरम टार्ट खाल्ले. किती, ते सांगत नाही. मधे मधे माझा प्रचार चालूच होता. पगार, ग्रीन कार्ड, आईला इकडे बोलाव ना. मधुरा नुसती हसायची आणि पुढची चढण चढायला लागायची.

तिसऱ्या दिवशी टेकडीवरच्या एका कट्ट्यावर बसलो. खाली लाल कौलं, त्यापलीकडे नदी. मी पुन्हा बॉथेल काढलं.

"केतकी, तुझ्या त्या मेलवर मी दोन दिवस हसतेय," ती म्हणाली. "पण काल हिशोब केला यार. सहा वर्षांत आईकडे सगळे दिवस मिळूनसुद्धा चार महिने राहिले नाहीये मी. जायचं, बॅगा उघडायच्या, बँकेची कामं, लग्नं, परत बॅगा भरायच्या. तिला इकडे आणलं तर ती बाल्कनीत बसून माझी वाट बघणार."

माझ्याकडे मुद्दे बरेच होते. एकही काढावासा वाटला नाही. मला रडू आलं, आणि ते तिच्या आईसाठी नव्हतं, माझ्यासाठीच होतं. तेही तिला सांगून टाकलं. मग दोघींनी एक पाव अर्धा अर्धा खाल्ला.

निघताना बाईंनी गालाला गाल लावून निरोप दिला आणि वहीत आमच्या नावांवर सावकाश रेघ मारली.

परतून आता घरी पाय चेपत हे लिहितेय. ट्राम, टार्ट, नदी सगळं आवडलं, जरूर जा. पण मनात राहिलीय ती आज सकाळ. बॉथेलला नकाराचा मेल लिहून मधुराने मला वाचायला दिला. मी एक शब्दही न बदलता म्हटलं, पाठव. मग तिने स्पीकरवर पुण्याला आईला फोन लावला आणि येतेय म्हणाली.

"किती दिवस आहेस?" काकूंनी नेहमीसारखं विचारलं.

मधुराने फोन माझ्याकडे सरकवला. मीच सांगितलं. "काकू, या वेळी परतीचं तिकीट नाहीये."