उजव्या दंडावरची चार बोटं

ही केस मी विसरलेलो नाही. खरं तर विसरायला मला आवडलं असतं, कारण तिच्यात मी चुकलो होतो आणि चांगलाच चुकलो होतो. पण त्याच केसमध्ये मला एक अशी बाई भेटली, की तिचे उपकार मी अजून मानतो. निवृत्तीनंतर आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा खून, दरोडे बाजूला ठेवले आणि आधी हीच केस घेतली. नावं मात्र कुणाचीच देत नाही.

नोकरीची शेवटची वर्षं मी डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्यात काढली. राहायला ठाणे शहरात, वर्तकनगरला. सकाळी पोचलो की हजेरी, मग स्टेशन डायरी, मग आलेले अर्ज, असा क्रम ठरलेला. एका सकाळी पन्नाशीच्या एक काकू ठाण्यात आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "साहेब, माझं नाव कुठे लिहायचं नाही हां. शेजारधर्म आहे, उद्या तोंड दाखवायचंय."

त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक आजोबा होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. बायको पूर्वीच वारलेली. मुलगा एकुलता एक, लग्न न झालेला, सकाळी लवकर कामावर जाणारा. दिवसभर आजोबांना बघायला रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून एक बाई यायची.

"रोज सकाळी आजोबा ओरडतात हो," काकू म्हणाल्या. "अगदी काळीज हलतं. ती बाई मारत असणार, दुसरं काय? मुलगा बिचारा इतका करतो बापासाठी!"

मी 'रोज सकाळी' एवढं लिहून घेतलं आणि पुढे काही विचारलं नाही. नव्या पोराने असं टिपण आणलं असतं तर मी त्याला सगळ्यांदेखत झापलं असतं.

त्याच दुपारी आमच्या महिला हवालदारांना घेऊन मी त्या घरी गेलो. दार त्या कामाच्या बाईंनी उघडलं. वय पन्नासच्या आसपास, अंगाने किरकोळ, दिवा स्टेशनाहून लोकलने यायच्या. घरात त्यांना मावशी म्हणत. आतल्या खोलीत आजोबा पडलेले होते. स्वच्छ बंडी, केस विंचरलेले. मी टोपी काढून पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली आणि बंडीची बाही वर केली. उजव्या दंडावर चार बोटांचे निळे-काळे डाग होते, आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा. काही ताजे, काही पिवळट पडलेले.

मावशींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. झालं, मी मनातल्या मनात केस निकाली काढली.

मुलाला फोन करून बोलावलं. तो आला, डाग पाहिले आणि मावशींकडे वळला. "मावशी, तुमच्यावर विश्वास ठेवला मी! माझ्या मुक्या बापावर हात टाकलात?" असं ओरडून तो रडायलाच लागला. त्याने तिथेच लेखी अर्ज दिला. डॉक्टरांनी तपासून लिहिलं की डाग जोराने दाबल्याचे आहेत आणि वेगवेगळ्या दिवसांचे आहेत. माजिवड्याच्या ब्यूरोने फोनवरच मावशींना कामावरून काढलं आणि पुन्हा कुठेही पाठवणार नाही असं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस देऊन त्यांना ठाण्यात बोलावलं. हवालदारबाई शेजारी बसल्या होत्या. माझी एक पद्धत होती. एकच प्रश्न तीनदा, तीन वेगळ्या आवाजांत विचारायचा. खोटं बोलणारा तिसऱ्या वेळी काहीतरी जास्तीचं सांगतो.

"तुम्ही मारलंत?"

"नाय साहेब."

"मग कुणी मारलं?"

गप्प.

"घरात त्यांना हात लावणारी माणसं दोन. तुम्ही आणि त्यांचा मुलगा. तुम्ही नाही तर कोण?"

पुन्हा गप्प. मी टेबलावर हात आपटला. त्या दचकल्या, पण बोलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. हेच प्रश्न मी आवाज बदलून आणखी दोनदा विचारले. तिन्ही वेळा तेच. मग एकदम म्हणाल्या, "साहेब, आज बाबांजवळ कोण हाय? दोन-दोन तासांनी कूस बदलावी लागते त्यांची. आणि पाणी चमच्याने द्यायचं, मान पुढे घेऊन. नायतर ठसका लागतो."

"त्याची काळजी तुम्ही करू नका," मी खेकसलो.

हे वाक्य आठवलं की मला आजही लाज वाटते. काळजी घेणं हेच त्या बाईंचं काम होतं, आणि माझ्यासमोर आरोपी म्हणून बसूनही त्या तेच करत होत्या. मला तो कांगावा वाटला. त्यांचं गप्प राहणं म्हणजे कबुलीच, असं मी धरून चाललो.

मावशी गेल्यावर हवालदारबाई माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "साहेब, राग नसेल येणार तर एक बोलू?"

"बोला की."

"माझी सासू तीन वर्षं अंथरुणात होती. सगळं मी केलंय. साहेब, मारल्याचा डाग असा एकाच जागी रोज नाही पडत. हा ओढल्याचा डाग आहे. आणि त्या आजोबांची नखं बघितलीत? काखा बघितल्या? कुठे वास नाही, कुठे चट्टा नाही. दोन वर्षं पडून असलेला माणूस असा राहतो होय? मारणारी बाई एवढं करेल?"

मी डॉक्टरांचा कागद पुन्हा उघडला. हवालदारबाई थांबल्या नाहीत. "आणि त्या काकू सकाळी म्हणाल्या. सकाळी म्हणजे किती वाजता, ते आपण विचारलंच नाही."

'आपण' म्हणाल्या, 'तुम्ही' म्हणाल्या नाहीत. तेवढी अदब त्यांनी पाळली.

काकूंकडे गेलो. "किती वाजता म्हणजे? पाणी भरताना हो!" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे साडेसहाला पाणी येतं, सव्वासातला जातं. हंडा खाली ठेवला की हा आवाज."

खाली सोसायटीच्या गेटवर वॉचमनची वही होती. मावशींची रोजची एंट्री आठ वाजण्याच्या आगेमागे. एक दिवस पावणेआठ, सगळ्यात लवकर. म्हणजे आजोबा ओरडत तेव्हा मावशी घरात नसतच.

तिथून थेट वर आजोबांकडे गेलो. मावशी नाहीत म्हणून मुलगा रजा काढून घरीच होता. स्टुलावर ब्यूरोने दिलेली एक लांबट वही पडलेली होती. कूस कधी बदलली, काय खाल्लं, लघवी किती वेळा, सगळं मोडक्यातोडक्या अक्षरात. आणि मधे मधे हे: 'आल्यावर बघितलं. उजव्या दंडाला नवा डाग. दादांना सांगितलं हाताला धरून उठवू नका.' दादा म्हणजे मुलगा. असं एकदा नाही, पाच ठिकाणी. मुलाने ती वही कधी उघडली नव्हती. आणि मी? पहिल्या दिवशी मी माझी टोपी त्याच वहीवर ठेवली होती.

आता माझं डोकं दुसऱ्या टोकाला गेलं. अर्ज देणाराच आरोपी! असला पोरगा मला चांगलाच सरळ करायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातलाच त्याच्या दारात उभा राहिलो. हवालदारबाईंनी मावशींना निरोप देऊन बोलावून घेतलं होतं. मुलगा गोंधळला.

"रोज वडिलांना उठवता तसं उठवा," मी म्हणालो. "मला बघायचंय."

"संडासला न्यायचं असतं, साहेब. मग मी निघतो." तो पलंगाशी गेला, वाकला. आणि त्याचा हात पोचायच्या आधीच आजोबांनी डोळे घट्ट मिटले. मार खाल्लेली माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. दुखणार आहे हे ज्याला ठाऊक असतं तो असाच डोळे मिटतो.

मुलाने त्यांचा उजवा दंड धरला. त्याची चार बोटं बरोबर त्या चार डागांवर बसली.

"दादा, थांबा!" मावशी दारातून ओरडल्या. "ओढू नका! खांदा उतरलाय त्यांचा!"

तो तसाच थांबला. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. "म्हणजे... रोज?" एवढंच म्हणाला आणि बापाचा दंड अलगद सोडला. "मला वाटायचं मी निघालो म्हणून बाबा ओरडतात. दिवसभर मावशींवर सोडून जातो म्हणून. हाताला धरू नका असं त्या सांगायच्या, पण मी कधी मनावरच घेतलं नाही."

ज्याला सरळ करायला मी आलो होतो, त्या माणसाकडे बघवेना.

मावशींना विचारलं, "एवढं ठाऊक होतं तर काल तोंड का उघडलं नाहीत?"

"काय बोलणार साहेब? दादांचे हात लागतात बोलले असते तर तुम्ही त्यांना आत घातलं असतं. बाबांना दुसरं हाय कोण? दादा मारत नायत. त्यांना उचलायला येत नाय. ह्या दोन गोष्टी वेगळ्या ना?"

"मग हेच सांगायचं होतं मला!"

"तुम्ही बोलून देत होता?"

हवालदारबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. 

मग मावशी हळूच म्हणाल्या, "बाबांना तरी विचारा कोणीतरी. त्यांना सगळं समजतं. हो असेल तर डावा हात दाबतात, नाय असेल तर काढून घेतात." मी शेजारणीचा, मुलाचा, डॉक्टरांचा, मावशींचा, सगळ्यांचा जबाब घेतला होता. ज्याच्या अंगावर डाग होते, त्याला बोलता येत नाही म्हणून वगळलं होतं. मी पलंगावर बसलो आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. मावशींनी मारलं का? हात झटक्यात काढून घेतला. मुलाने मारलं का? पुन्हा काढला. मावशी परत यायला हव्यात का? आजोबांनी माझा हात असा दाबला, की पडून असलेल्या माणसात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते माझ्या नोकरीत पुन्हा कधी झालं नाही. मावशींनी मुलाला उचलायला शिकवायचं ठरवलं. "पण बाबांवर नाय शिकायचं," त्या म्हणाल्या. "साहेब, तुम्ही झोपा." मी गणवेशात होतो. तसाच जमिनीवरच्या चटईवर आडवा झालो, उजवं अंग सैल सोडलं. मावशींनी जुन्या साडीची घडी माझ्या कमरेला बांधली. प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी सांगत होत्या, "आता कुशीवर घेते हां. आता पाय खाली सोडते." एक हात पाठीमागे खांद्याच्या खवाट्याखाली, एक कमरेच्या साडीला. दंडाला बोटसुद्धा लागलं नाही, आणि नव्वद किलोचा माणूस उठून बसला. मग मुलाने केलं. चुकला, पुन्हा केलं. चौथ्यांदा जमलं. आजोबा पलंगावरून बघत होते आणि अर्ध्या तोंडाने हसत होते.

मी मावशींची माफी मागितली, तिथेच, सगळ्यांसमोर. ठाण्यात येऊन अर्ज निकाली काढला. ब्यूरोला पत्र लिहिलं की यांच्याकडून कसूर झालेली नाही, उलट कामाची नोंद यांनीच चोख ठेवली आहे. पत्र द्यायला मी स्वतः माजिवड्याला गेलो. सोमवारपासून मावशी परत कामावर आल्या.

तेहतीस वर्षांत मी दंडाला धरून किती माणसं गाडीत बसवली असतील, मोजदाद नाही. त्या केसनंतर मी ठाण्यात सगळ्यांना सांगायला लागलो की आणलेल्या माणसाला हात लावायच्या आधी तोंडाने सांगा. काहींनी ऐकलं, काही मागे हसले. हसू देत. पोलिसाच्या ताब्यातला माणूस काय आणि अंथरुणातला माणूस काय, दोघंही दुसऱ्याच्या हातात असतात. माया पुष्कळ असली तरी हाताला वळण नसेल तर इजा होते, आणि ते वळण मला शिकवलं ते एका ब्यूरोच्या बाईने. त्यांच्यामुळे आणि आमच्या हवालदारबाईंमुळे एका निरपराध बाईचं नाव खराब करून मी निवृत्त झालो नाही. याबद्दल मी दोघींचा ऋणी आहे.

गेल्या वर्षी त्या मुलाचा फोन आला. आजोबा दोन दिवसांपूर्वी गेले, झोपेत, शांतपणे. बोलताना त्याला हुंदका आवरेना. फोन ठेवल्यावर मी मावशींना लावला.  एवढंच म्हणालो, "मावशी, तुम्ही फार केलंत त्यांचं. आता थोडी विश्रांती घ्या."

"कसली विश्रांती साहेब," त्या म्हणाल्या. "मी इथेच हाय, डोंबिवलीला, दादांकडे. दादा दोन दिवस जेवले नायत. पेज टाकलीय, ती त्यांच्या पोटात गेली की मग जाते घरी."