उजवीकडची जाळी

१. रविवारी सकाळी मी आमच्या रिकाम्या वावरात गोल्फचा सराव करत होते. गाव पारनेर तालुक्यातलं.

२. माझा बॉल नेहमी उजवीकडे वळून जातो. म्हणून संरक्षणाची जाळी फक्त उजवीकडे लावली होती.

३. त्या दिवशी बॉल पहिल्यांदा सरळ गेला.

४. समोर माझी वहिनी होती. तिच्या डोक्यावर कांद्याची लोखंडी पाटी होती.

५. बॉल पाटीला लागला. वहिनीला नाही.

यापेक्षा जास्त मला लगेच लिहिता आलं नाही. आज बुधवार. आता लिहिते.

मी सुप्याच्या एमआयडीसीत क्वालिटी इंजिनीअर आहे. गोल्फ पुण्यात शिकले. इकडे जवळ सरावाचं मैदान, म्हणजे रेंज नाही, म्हणून ज्वारी निघाली की घरच्याच वावरात मारते. गावात त्याला 'ताईचा विटीदांडू' म्हणतात... म्हणू देत.

माझा बॉल निघतो सरळ आणि मधेच उजवीकडे वळतो. याला स्लाइस म्हणतात. त्या बाजूला वस्तीचा रस्ता आहे, दुधाच्या गाड्या असतात. म्हणून कित्येक रविवार प्रत्येक बॉल कुठे पडतो ते मी पाहिलं, आणि बरोबर तिथे बांबू रोवून शेडनेट बांधली. समोर एकही बॉल पडत नव्हता, म्हणून समोर काही लावलं नाही.

समोर, वावराच्या टोकाला, आमची कांद्याची चाळ आहे. सध्या कांदा निघतोय, वहिनीच्या दिवसभर खेपा चालू असतात. तिने मला आधीच विचारलं होतं, "ताई, तुमी मारत आसता तवा आमी कुटून जायाचं?"

मी म्हणाले, "समोरून जा. तिथे बॉल येत नाही."

दादा म्हणाला, "व्हय, हिच्या म्होरं हुबं ऱ्हायचं. लई सेफ जागा." सगळे हसले. मीही.

रविवारी मी स्विंग, म्हणजे बॉल मारायची पद्धत, दुरुस्त करायला बसले होते. आधीच्या व्हिडिओत दिसत होतं की पायांची रेघ चाळीकडे असते, पण खांदे डावीकडे उघडलेले. मग ठिबकची एक नळी चाळीच्या दिशेने जमिनीवर ठेवून पाय आणि खांदे तिच्याशी समांतर केले. डावा हात ग्रिपवर थोडा उजवीकडे फिरवला, आणि क्लब, म्हणजे गोल्फची काठी, खाली आणताना उजवं कोपर बरगडीजवळ ठेवलं.

फरक लगेच पडला. बॉल कमी वळू लागले. आणि मग एक असा लागला की हाताला काही जाणवलंच नाही... मान वर केली तर बॉल आकाशात सरळ. वळायची जागा आली, गेली, तो वळला नाही.

मी हसले. मोबाईल बादलीला टेकवून रेकॉर्डिंग चालू होतं, त्यात ते दिसतं.

मग वहिनी दिसली. अशा वेळी ओरडून सावध करायचं असतं, त्यासाठी गोल्फमध्ये ठरलेला शब्दही आहे. तो मला आठवला नाही. नुसतं 'वहिनी' असंही तोंडातून निघालं नाही. ठण्ण असा आवाज आला.

पाटी पडली, कांदे घरंगळले आणि वहिनी जागच्या जागी खाली बसली. मी धावत पोचले तेव्हा तिने मान धरली होती. "लागलं का?" विचारलं, तर म्हणाली, "पाटीला लागलं."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आज सरळ गेला म्हना की, ताई."

चाळीतून धावत आलेला दादा हसला नाही. त्याने पाटी उचलली, पोचा पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "डोक्यावर पाटी नसती तर?"

पारनेरला डॉक्टरांनी तपासलं. मानेला हिसका बसला आहे, काही दिवस पट्टा लावायचा आणि डोक्यावर वजन घ्यायचं नाही. बाकी ठीक आहे. पाटीचा पोचा कानाच्या किती वर होता, हे मी मोजलेलं नाही.

सोमवारी सकाळी क्लब कपाटात होते आणि मी ओट्यावर चहा पीत होते. वहिनी चाळीकडे निघाली, रिकाम्या हातांनी, पण बांधावरून लांबचा फेरा घालून.

मी म्हणाले, "वहिनी, मी आज मारणार नाहीये."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "पर पाय जात न्हाई तिथून."

कारखान्यात नवीन मुलांना मीच सांगते, प्रोसेस बदलली की तपासणी पुन्हा नव्याने ठरवायची. घरी मी स्विंग बदलला आणि जाळी जुन्या चुकीच्या हिशोबाने तशीच ठेवली.

पट्टा बांधून बसलेल्या वहिनीकडे बघताना मला दुसरी गोष्ट आठवली. या जाळीचा फोटो मी इथेच, आपल्या गोल्फच्या ग्रुपवर टाकला होता. 'बॉल पडतो तिथेच जाळी लावा, खर्च वाचतो' असं लिहिलं होतं. तुमच्यापैकी काहींनी तशी लावली. सोनईहून आणि पाथर्डीहून मला फोटोही आले, आणि मी त्यांना शाबासकी दिली.

ती पोस्ट मी काढली आहे. पण तुमच्या जाळ्या अजून तशाच उभ्या असतील, आणि बॉल सरळ जावा म्हणून तुम्ही सगळेच मेहनत घेताय... तो एक दिवस सरळ जाणार.

माझं बघून ज्यांनी एकाच बाजूला जाळी लावली आहे, त्यांनी आजपासून सराव थांबवावा. आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर द्यावं. दोनच गोष्टी लिहा... तुमच्या समोरून कोण ये-जा करतं, आणि त्यांना तुम्ही काय सांगून ठेवलं आहे.