ड्वेनच्या चौकटीतला बर्फ

ऑर्व्हिल टोफ्तेने जन्मभर शाळेची बस चालवली, पण मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या गावात त्याला ओळखत होते ते बर्फासाठी. हिवाळाभर तो गिरमिटाने गोठलेल्या तळ्याला भोकं पाडायचा, बर्फाची जाडी मोजायचा आणि त्या बर्फावर मासे धरायला निघालेल्यांना सांगायचा. निवृत्तीनंतर तो एचटीएमएल, म्हणजे वेबपानं बनवायची भाषा, शिकला आणि तेच इंटरनेटवर टाकायला लागला. "निदान आता घरात तरी दिसतोस," बायको मार्डेल म्हणायची.

त्याच्या पानाला दोन फ्रेम होत्या, म्हणजे पडद्यावर एकाखाली एक दोन चौकटी आणि प्रत्येकीत वेगळं पान. वरची कायमची, तिच्यात लाल अक्षरांत इशारा, की ओढा मिळतो तिथे बर्फ फसवा असतो, जाऊ नका. खालच्या फ्रेममध्ये त्या दिवशीची जाडी. इशारा रोज कशाला टाइप करत बसायचं?

जानेवारीत शेजारचा व्हर्नन होक्कानेन नेमका ओढ्यापाशीच बर्फ फुटून पाण्यात गेला. लोकांनी दोर टाकून ओढला म्हणून वाचला. ऑर्व्हिल दवाखान्यात गेला, तर व्हर्नन त्याच्याकडे बघेचना. मग म्हणाला, "तूच लिहिलं होतंस ना, बर्फ बारा इंच जाड आहे म्हणून?" लाल इशारा त्याला दिसलाच नव्हता. जाडीचा आकडा त्याने वाचला होता ड्वेन शॅडेकच्या साइटवर. ड्वेनचं माशांच्या आमिषांचं दुकान होतं.

घरी येऊन ऑर्व्हिलने ती साइट उघडली आणि त्याचं डोकंच फिरलं. वर ड्वेनच्या दुकानाची भलीमोठी पाटी आणि खाली ड्वेनच्या फ्रेममध्ये ऑर्व्हिलचं फक्त जाडीचं पान, ऑर्व्हिल घरून बदलेल तसं तिथेही बदलणारं. इशाऱ्याची फ्रेम गायब! फुकटच्या माहितीवर दुकान सजवायचं आणि माणसं बुडाली तर बुडू द्यायची, याला काय म्हणायचं?

तो तसाच दुकानात गेला. माझ्या पहिल्या पानाची लिंक दे आणि तिच्या टार्गेटमध्ये, म्हणजे पान कुठे उघडायचं ते लिहितात तिथे, टॉप लिही, म्हणजे माझं पान दोन्ही फ्रेमसकट पडदाभर उघडेल, असं त्याने समजावून सांगितलं. एका शब्दाचं काम.

"मग गिऱ्हाईक माझ्या साइटवरून जाईल की," ड्वेन म्हणाला. "आणि आकडे तुमचेच होते, ऑर्व्हिल."

"तळ्यात गेलेलं चालतं तुला, साइटवरून गेलेलं चालत नाही?"

ड्वेन आमिषांच्या टाकीत जाळी फिरवत राहिला. ऑर्व्हिल तरातरा घरी आला. इशारा आपणही एकाच जागी ठेवला, हे त्याला आणखीच झोंबत होतं. मार्डेलने जेवायला हाक मारली, तरी तो उठला नाही. त्याने जाडीच्या पानावरच, आकड्यांच्या वर, इशारा लिहिला. त्याखाली लिहिलं, "व्हर्नन होक्कानेन हे पान याच दुकानाच्या पाटीखाली वाचून बुडता बुडता वाचला. दुकानदाराला सांगूनही तो ऐकत नाही."

सकाळी ड्वेनचा फोन आला. माझ्या दुकानाच्या पाटीखाली माझीच बदनामी, म्हणून तो तावातावाने बोलत होता.

"मी माझ्या पानावर लिहिलंय," ऑर्व्हिल म्हणाला. "तुझ्या पाटीखाली तूच लावलंस."

दुपार व्हायच्या आत ड्वेनने ऑर्व्हिलच्या पहिल्या पानाची लिंक दिली आणि टार्गेटमध्ये टॉप लिहिलं.